बलस्थानांच्या आधारे कामगिरी उंचावताना: खेळाडूने आपला सराव कसा आखावा

सरावाच्या मैदानावर प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यात होणारे बहुतेक बोलणे उणिवांविषयी असते. कोपर खाली पडते आहे, डावा पाय मागे राहतो आहे, बॅकहँड कमकुवत आहे, शेवटच्या फेरीत दम टिकत नाही, अशी यादी तयार होते आणि आठवड्याचा सराव त्या यादीप्रमाणे आखला जातो. यात तर्क आहे, कारण चूक डोळ्यांना चटकन दिसते आणि ती दुरुस्त झाली की प्रगतीचे समाधान दोघांनाही मिळते. मात्र ज्या गोष्टीच्या जोरावर खेळाडू आतापर्यंत जिंकत आला, तिच्या वाट्याला या यादीत काहीच येत नाही. ती आहेच आणि राहीलच, असे गृहीत धरले जाते. दोन-तीन हंगाम असे गेले की ज्याच्यात ठळक दोष नाही, पण ज्याची प्रतिस्पर्ध्याला भीतीही वाटत नाही, असा खेळाडू तयार होतो.

बलस्थान म्हणजे अंगातला एखादा गुण, हा समज आधी बाजूला ठेवावा. वेग, उंची, चिकाटी हे गुण झाले. त्यांतला एखादा गुण स्पर्धेतल्या ज्या प्रसंगात प्रतिस्पर्ध्यावर वारंवार आघाडी मिळवून देतो, तो प्रसंग या लेखात बलस्थान मानला आहे. बॅडमिंटनपटूच्या पायांतला वेग हा गुण आहे. जाळ्याजवळ प्रतिस्पर्ध्याच्या आधी पोहोचून शटल उंचावर असतानाच खेळता येणे, हे त्याचे बलस्थान आहे. हा फरक व्यवहारात फार उपयोगी पडतो. गुणाचे फक्त कौतुक करता येते; प्रसंग मात्र मोजता येतो, सरावात उभा करता येतो आणि सामन्यात अधिक वेळा घडवून आणता येतो.

१९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये २.२४ मीटर उंच उडी मारून सुवर्णपदक जिंकणारा अमेरिकेचा डिक फॉसबरी हा याचा परिचित दाखला आहे. दांड्यावरून पोटाच्या बाजूने पलटी घेण्याची त्या काळी रूढ असलेली पद्धत शालेय वयात त्याला नीट जमत नव्हती. तीच घोटत राहण्याऐवजी तो एकामागून एक पाय दांड्यावरून नेण्याच्या जुन्या कात्री पद्धतीकडे परतला आणि तिच्यात बदल करत करत दांड्याकडे पाठ करून जाण्याची रीत त्याने घडवली. पाठीवर पडता येईल अशा जाड, मऊ गाद्या त्याच सुमारास मैदानांवर येऊ लागल्या होत्या, हेही येथे विसरू नये. वाळूच्या खड्ड्यात ही उडी दीर्घकाळ टिकली नसती. स्वतःला काय जमते आणि खेळाची परिस्थिती कशाला वाव देते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र आली, तेव्हा ही उडी जन्माला आली.

आधी मोजावे, मग ठरवावे

आपले बलस्थान आपल्याला ठाऊक आहे, असे जवळपास प्रत्येक खेळाडूला वाटते. हे ज्ञान बहुधा आठवणींवर उभे असते आणि आठवणीत नेत्रदीपक क्षण जास्त राहतात. म्हणून पहिले काम नोंदींचे आहे. अलीकडच्या आठ-दहा स्पर्धांची चित्रफीत किंवा गुणपत्रके समोर घ्यावीत. टेनिस, बॅडमिंटन, टेबल टेनिस या खेळांत प्रत्येक गुणासाठी चार गोष्टी लिहाव्यात: खेळी कोणी व कशी सुरू केली, गुण कोणत्या फटक्यावर ठरला, त्या वेळी खेळाडू कोठे उभा होता आणि तोपर्यंत किती फटके झाले होते. कबड्डीत प्रत्येक चढाईची बाजू, तीस सेकंदांपैकी कितव्या सेकंदाला हालचाल केली, समोर किती बचावपटू होते आणि गुण हाताने, पायाने की बोनस रेषेवर मिळाला, हे टिपावे. धावणे, पोहणे, सायकलिंग यांत टप्प्याटप्प्याची वेळ हवी. पाच हजार मीटर धावणाऱ्याने प्रत्येक फेरीची स्वतःची वेळ आणि त्याच शर्यतीत बरोबरीने धावणाऱ्या दोघा-तिघांची वेळ शेजारी शेजारी मांडली, तर आपण कोणत्या फेऱ्यांत पुढे सरकतो आणि कोणत्या फेऱ्यांत केवळ टिकून राहतो, हे स्पष्ट दिसते.

नोंदी वाचताना एकूण संख्या पाहू नये, प्रमाण पाहावे. समजा, एका बॅडमिंटनपटूने काही सामन्यांत मिळून ६० स्मॅश मारले; त्यांतून २४ गुण मिळाले, २१ गुण गेले आणि उरलेल्या वेळी खेळी पुढे चालू राहिली. त्याच सामन्यांत जाळ्याजवळचा नाजूक फटका त्याने फक्त २० वेळा वापरला. त्यातून १३ गुण मिळाले आणि ३ गेले. विचारले तर हा खेळाडू स्मॅश हेच आपले बळ असल्याचे सांगेल, कारण २४ गुणांचा आवाज त्याच्या कानांत आहे. प्रत्यक्षात ६० प्रयत्नांतून त्याची निव्वळ कमाई ३ गुणांची आहे आणि २० प्रयत्नांतून १० गुणांची. त्याने जाळ्याजवळ अधिक वेळा कसे पोहोचावे, या प्रश्नाभोवती त्याचा पुढचा हंगाम आखायला हवा.

येथे दोन पथ्ये पाळावीत. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध मिळालेले गुण वेगळ्या रकान्यात टाकावेत, कारण त्यांच्यासमोर सगळेच चालते. बरोबरीच्या आणि वरचढ खेळाडूंसमोर जे चालते तेच हिशेबात धरावे. दुसरे म्हणजे चार-पाच प्रयत्नांवरून निष्कर्ष काढू नये. एखादा फटका तीन वेळा मारून तिन्ही वेळा गुण मिळाला असेल, तर तो बलस्थानाचा उमेदवार आहे, इतकेच म्हणता येते. त्याला सरावसामन्यांत मुद्दाम संधी देऊन संख्या वाढवावी आणि मग निर्णय घ्यावा.

शारीरिक चाचण्या या नोंदींना पूरक असतात. ३० मीटर धाव, जागेवरून उभी उडी, आणि केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये पुढे आणलेली, बारा मिनिटांत किती अंतर कापले जाते हे पाहणारी धाव, एवढ्या तीन चाचण्याही पुष्कळ सांगतात. त्यांतही आकडा फोडून पाहण्यात खरा लाभ आहे. ३० मीटरची वेळ सारखीच असलेल्या दोन खेळाडूंपैकी एक पहिल्या दहा मीटरमध्ये पुढे असतो आणि दुसरा शेवटच्या दहा मीटरमध्ये. पहिल्याचा उपयोग अचानक झेपावण्याच्या प्रसंगी होतो, दुसऱ्याचा मोकळी जागा मिळाल्यावर. दोघांनाही ‘वेगवान’ म्हणून एकाच प्रकारचा सराव दिला, तर दोघांचेही नुकसान होते. चाचणी दर वेळी त्याच पृष्ठभागावर, तशाच वॉर्मअपनंतर आणि दिवसाच्या साधारण त्याच वेळी घ्यावी, अन्यथा आकड्यांची तुलना निरर्थक ठरते.

तिसरा साक्षीदार म्हणजे समोरचा खेळाडू. नियमित सरावात आपल्यासमोर उभ्या राहणाऱ्या सहकाऱ्याला ‘माझे चांगले काय आहे?’ असे विचारू नये. त्यावर शिष्टाचाराचे उत्तर मिळते. ‘माझ्यासमोर खेळताना कोणती परिस्थिती टाळावीशी वाटते?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर अनेकदा खेळाडूच्या स्वतःच्या यादीत नसते, कारण जे सहज जमते ते स्वतःला विशेष वाटत नाही.

मानसिक बलस्थानांनाही हीच कसोटी लावावी. ‘जिद्दी’ हा शब्द खेळाडूंच्या आत्मवर्णनात इतका सर्रास येतो, की त्यामागे नोंद नसेल तर तो खोडून टाकावा, असे माझे मत आहे. निर्णायक गेममध्ये गेलेल्या सामन्यांपैकी किती जिंकले, पहिला गेम गमावल्यावर किती वेळा पुनरागमन केले, नवे तंत्र शिकल्यापासून ते सामन्यात वापरण्यापर्यंत किती आठवडे लागले, हे प्रश्न विचारले की जिद्द, संयम, ग्रहणशक्ती यांपैकी आपल्याकडे नेमके काय आहे ते कळते.

या टप्प्यावर आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. जे पाठ्यपुस्तकाप्रमाणे दिसत नाही, ते दोष म्हणून यादीत टाकण्याची घाई करू नये. अमेरिकेचा धावपटू मायकेल जॉन्सन ताठ पाठीने आणि आखूड पावलांनी धावत असे. गुडघे उंच, पाऊल लांब या प्रचलित शिकवणीशी ते विसंगत होते. परंतु त्याचे प्रशिक्षक क्लाइड हार्ट यांनी ती शैली मोडली नाही. त्याच शैलीने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याने २०० मीटर १९.३२ सेकंदांत पार केले आणि ४०० मीटरचे सुवर्णही जिंकले. एखादी लकब वेळ खात असेल, गुण घालवत असेल किंवा सांध्यावर ताण आणत असेल, तर ती बदलावी. या तिन्हींपैकी काहीच घडत नसेल, तर ती केवळ वेगळी आहे.

बळ कोठे उपयोगी पडेल, हे पाहणे

काही वेळा खेळाडूचे बळ खरे असते, पण तो चुकीच्या स्पर्धाप्रकारात किंवा चुकीच्या जागेवर खेळत असतो. प्रकार बदलणे हा मोठा निर्णय आहे आणि तो निराशेच्या भरात घेऊ नये. तरीही तो पर्याय म्हणून मांडणे आवश्यक असते. पी. टी. उषा यांची ओळख सपाट शर्यतीतील वेगवान धावपटू अशी होती. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्या ४०० मीटर अडथळा शर्यतीत उतरल्या, तेव्हा त्या प्रकाराचा त्यांचा अनुभव तुटपुंजा होता, तरी ५५.४२ सेकंदांची वेळ देऊन त्या चौथ्या आल्या आणि कांस्यपदक एका शतांश सेकंदाने हुकले. सपाट शर्यतीतला वेग अडथळ्यांच्या शर्यतीत अधिक दुर्मीळ, आणि म्हणून अधिक मोलाचा ठरतो, हे त्यामागचे गणित होते.

अविनाश साबळे क्रॉसकंट्री धावण्याकडून ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळला. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्यावरील उड्या असतात. धावण्याची लय सतत मोडते आणि ती पुन्हा पकडावी लागते. ओबडधोबड जमिनीवर धावण्याची सवय असलेल्याला हे मोडणे-जुळणे अंगवळणी पडलेले असते. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांच्या वेळेसह त्याने रौप्यपदक मिळवले. ब्रिटनची हेलन ग्लोव्हर २००८ मध्ये, उंच आणि सक्षम व्यक्तींचा शोध घेणाऱ्या एका योजनेतून नौकानयनाकडे आली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्ण जिंकले. चार वर्षांत हे घडू शकले, कारण तिच्याकडे आधीपासून असलेल्या गोष्टींना त्या खेळात थेट मोल होते.

प्रत्येकाने खेळ बदलावा, असा याचा अर्थ नाही. बहुतेकांसाठी बदल त्याच खेळाच्या आत पुरेसा असतो. उजव्या कोपऱ्यातून मध्यावर येणे, सलामीऐवजी तिसऱ्या क्रमांकावर खेळणे, एकेरीऐवजी दुहेरी, १०० ऐवजी २०० मीटर. आपल्या प्रकारात विजय मुख्यतः कोणत्या दोन-तीन गोष्टींवर ठरतो, ते एका कागदावर लिहावे आणि शेजारी आपली मोजलेली बलस्थाने लिहावीत. दोन्ही रकान्यांत एकही गोष्ट समान नसेल, तर सरावाची तीव्रता वाढवण्यापूर्वी जागा बदलण्याचा विचार करावा.

सरावाची आखणी

बलस्थान ठरले की त्याला आठवड्यात हक्काचा वेळ द्यावा. तंत्राच्या सरावाचा साधारण निम्मा वेळ एक किंवा दोन बलस्थानांना, सुमारे पाव वेळ त्यांच्या आड येणाऱ्या उणिवेला आणि उरलेला सर्वसाधारण कौशल्यांना, अशी विभागणी मला व्यवहार्य वाटते. स्पर्धा जवळ आली की पहिला वाटा आणखी वाढवावा. नवख्या खेळाडूला ही विभागणी लागू नाही. त्याने आधी सर्व मूलभूत कौशल्ये ओळखीची करून घ्यावीत, कारण जे कधी करूनच पाहिले नाही त्यात बळ आहे की नाही, हे कळण्याचा मार्गच नसतो.

बलस्थानाचा सराव सत्राच्या आरंभी, शरीर ताजे असताना करावा. सर्वांत चांगले येते म्हणून ते शेवटी, दमल्यावर, करमणुकीसारखे करण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. दमलेल्या शरीराने केलेली हालचाल मंद आणि ढिली असते आणि तीच शरीरात मुरते. आरंभी कमी संख्येने, पूर्ण वेगाने आणि मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन केलेल्या आवृत्त्या अधिक फळ देतात. त्या सामन्यातल्या थकव्यात टिकतात की नाही, हे तपासण्यासाठी आठवड्यातून एखाद्या वेळी त्या मुद्दाम सत्राच्या शेवटीही कराव्यात. मात्र ती परीक्षा समजावी, शिक्षण नव्हे.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि सर्वांत दुर्लक्षितही. केवळ निर्णायक हालचाल घोटून बलस्थान वाढत नाही. तिच्या आधीच्या दोन हालचाली आणि नंतरची एक हालचाल तिच्याबरोबर घोटावी लागते. टेनिसपटू स्टेफी ग्राफचा फोरहँड हे तिचे मुख्य अस्त्र होते. तो वापरता यावा यासाठी बॅकहँडच्या बाजूला आलेल्या चेंडूभोवती वळसा घेऊन फोरहँडने खेळण्याइतके चपळ पाय तिच्याकडे होते, आणि वळसा घेणे शक्य नसेल तेव्हा ती बॅकहँडने खाली राहणारा, घसरत जाणारा स्लाइस खेळत असे, ज्यावर प्रतिस्पर्ध्याला जोरदार आक्रमण करणे अवघड जाई आणि पुढचा चेंडू पुन्हा फोरहँडवर येण्याची शक्यता वाढे. पाहणाऱ्याला फोरहँड दिसत असे. त्यामागे पायांची आणि स्लाइसची मेहनत होती. त्यामुळे सराव आखताना स्वतःला विचारावे: माझा हुकमी प्रसंग कशामुळे निर्माण होतो, तो निर्माण होण्याच्या दोन पावले आधी मी काय केलेले असते, आणि तो वाया गेला तर पुढच्या क्षणी मी कोठे असतो? चढाईपटूचा हात बचावपटूला लागणे हा शेवट आहे. त्याआधीची हुलकावणी आणि त्यानंतर मध्यरेषेकडे झेपावणे यांचा सराव त्याच साखळीत व्हायला हवा.

त्यानंतर अडचणी टप्प्याटप्प्याने वाढवाव्यात. प्रथम सहकार्य करणारा जोडीदार, नंतर अंदाज बांधू पाहणारा जोडीदार, त्यानंतर काय येणार हे आधीच सांगून ठेवलेला जोडीदार. या तिसऱ्या पायरीवरही जो फटका दहापैकी पाच-सहा वेळा यशस्वी होतो, तो वरच्या स्तरावर टिकतो. सरावसामन्यात नियम वाकवण्याचीही युक्ती आहे: बलस्थानाच्या प्रसंगातून मिळालेल्या गुणाला दुप्पट मोल द्यावे. खेळाडू आपोआप तो प्रसंग घडवून आणण्याच्या वाटा शोधू लागतो आणि त्या शोधात प्रशिक्षकाला न सुचलेले काहीतरी सापडते.

बलस्थानावर भर देण्याची एक किंमत आहे आणि ती शरीर मोजते. एकाच हालचालीच्या आवृत्त्या वाढल्या की तेच स्नायू, तेच स्नायुबंध आणि तेच सांधे पुन्हा पुन्हा भार घेतात: वेगवान गोलंदाजाची कंबर, भालाफेकपटूचे कोपर, उडी मारणाऱ्याचा गुडघा. हा भार आठवड्यागणिक थोडा थोडा वाढवावा, तीन आठवड्यांच्या वाढीनंतर एक हलका आठवडा ठेवावा आणि पूर्ण ताकदीच्या दोन सत्रांमध्ये साधारण ४८ तासांचे अंतर ठेवावे. सरावानंतर उमटणारा सर्वसाधारण अंगदुखीचा ठणका दोन-तीन दिवसांत ओसरतो. एकाच बिंदूवर, प्रत्येक वेळी, तीच हालचाल करताना उठणारी कळ वेगळी असते. ती आली की आवृत्त्या थांबवून क्रीडावैद्यकाचा सल्ला घ्यावा. ताकदीचे व्यायाम निवडतानाही बलस्थानाच्या हालचालीला वेग देणारे आणि तिला आवर घालणारे, अशा दोन्ही बाजूंचे स्नायू तयार करावेत. फेकणाऱ्या हाताला थांबवणारे स्नायू दुबळे राहिले, तर फेक जितकी जोरदार तितकी दुखापत जवळ येते.

उणिवांचे काय करावे

उणिवांकडे पाठ फिरवावी, असे येथे सुचवायचे नाही. त्यांची प्रतवारी करावी. काही उणिवा बलस्थानाची वाटच अडवतात. काही उणिवांपर्यंत प्रतिस्पर्धी मुद्दाम पोहोचू शकतो. आणि काही उणिवा आहेत म्हणून आहेत, त्यांचा निकालावर परिणाम होत नाही. तिसऱ्या गटावर वेळ घालवू नये. जलद धावणाऱ्या बचावपटूला दुरून नेमका गोल मारता येत नसेल, तर त्यासाठी त्याचा उन्हाळा खर्ची घालण्याचे कारण नाही.

पहिल्या गटातील उणीव मात्र तातडीची असते. १.९५ मीटर उंचीचा उसेन बोल्ट १०० मीटरसाठी जास्तच उंच समजला जात असे, कारण लांब अवयवांना सुरुवातीच्या ठोकळ्यांवरून वेगाने उलगडणे अवघड जाते. त्याचे बळ शर्यतीच्या उत्तरार्धात होते: २००९ मध्ये बर्लिन येथे ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम करताना त्याने सुमारे ४१ पावलांत अंतर कापले आणि इतरांपेक्षा तीन-चार पावले वाचवली. सुरुवातीला जगात सर्वोत्तम होणे त्याला आवश्यक नव्हते. उत्तरार्धात भरून निघणार नाही इतके अंतर सुरुवातीला गमवायचे नाही, एवढेच पुरेसे होते. उणिवेच्या दुरुस्तीची मर्यादा अशी ठरवावी: ती बलस्थानाची कमाई खाणार नाही, इथपर्यंत. त्या पातळीला पोहोचल्यावर तिच्यावरचा वेळ कमी करून तो बलस्थानाकडे वळवावा.

दुसऱ्या गटात, म्हणजे प्रतिस्पर्धी जिचा फायदा घेऊ शकतो अशा उणिवेसाठी, एकच खात्रीचा बचावात्मक पर्याय तयार करावा. बॅकहँडवर चार प्रकारचे फटके अर्धवट येण्यापेक्षा चेंडू खोल आणि सुरक्षित परत पाठवणारा एक फटका डोळे मिटून यावा. त्याने गुण मिळणार नाही. गुण जाणार नाही आणि खेळी पुढे चालू राहील, इतकेच त्याचे काम.

सामन्यात वापर, आणि वापर न करण्याचा निर्णय

सामन्याआधी एका ओळीची योजना लिहावी, आणि ती क्रियेच्या भाषेत असावी. ‘आत्मविश्वासाने खेळायचे’ ही योजना होत नाही. ‘पहिल्या तीन फटक्यांत त्याला मागच्या डाव्या कोपऱ्यात ढकलायचे आणि जाळ्याकडे जायचे’ ही योजना आहे. अनिल कुंबळे चेंडू फार मोठ्या कोनात वळवणारा लेगस्पिनर नव्हता. वेग, उसळी आणि अचूकता ही त्याची भांडवली मत्ता होती. त्याने मोठ्या वळणाचा पाठलाग केला नाही, उसळी आणि दिशा यांच्या आधारे फलंदाजाला सतत खेळायला भाग पाडले. १९९९ मध्ये दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध एका डावातले दहाही बळी ७४ धावांत, आणि कसोटी कारकीर्दीत एकूण ६१९ बळी, हे त्या निवडीचे फळ.

प्रतिस्पर्धीही नोंदी ठेवत असतो, हे गृहीत धरावे. बलस्थान सर्वांना माहीत झाले की त्यावर उपाय शोधले जातात. यावर नवे अस्त्र शोधण्यापेक्षा त्याच हालचालीचे दुसरे टोक तयार करणे बरे: खांद्याची आणि रॅकेटची तयारी तीच, पण शेवटच्या क्षणी जोरदार फटक्याऐवजी हलका स्पर्श, गोलंदाजाची धाव आणि हाताचा वेग तोच, पण चेंडू मंद. पहिल्या हालचालीची धास्ती जितकी मोठी, तितकी दुसरी फसवी ठरते.

याहून कठीण गोष्ट म्हणजे बलस्थान काही काळ म्यान करणे. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सचिन तेंडुलकर ऑफ स्टंपबाहेरील चेंडूवर ड्राइव्ह खेळताना बाद होत होता. कव्हर ड्राइव्ह हा त्याचा अतिशय देखणा आणि धावा देणारा फटका. जानेवारी २००४ मधील सिडनी कसोटीत त्याने तो फटकाच वर्ज्य केला, ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू सोडून दिले, गोलंदाजांना स्टंपांच्या रेषेत यायला लावले आणि बहुतांश धावा लेगच्या बाजूला काढत ४३६ चेंडूंत नाबाद २४१ धावा केल्या. वरवर पाहता हे बलस्थानांच्या सिद्धांताविरुद्ध जाते. तसे नाही. एक अस्त्र त्या आठवड्यांत तोट्याचे ठरत होते आणि त्याच्याकडे संयम व लेगच्या बाजूचा खेळ ही आणखी दोन मोजकी, तपासलेली बलस्थाने होती. म्हणून पहिले बाजूला ठेवणे परवडले. हातात एकच अस्त्र असलेल्या खेळाडूला हा निर्णय घेताच येत नाही. म्हणूनच शक्यतो एकाऐवजी दोन बलस्थाने निवडावीत. सामन्यात थांबण्याची खूणही आधीच ठरवून ठेवावी: उदाहरणार्थ, त्याच डावपेचावर सलग तीन गुण गेले तर पुढचे पाच गुण दुसरी योजना. ऐन वेळी अहंकार आड येतो. आधी ठरवलेली खूण पाळणे सोपे जाते.

आत्मविश्वासाचा प्रश्न याच नोंदवहीने बराचसा सुटतो. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, एखादे काम आपण करू शकू हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः ते यशस्वीरीत्या केल्याचा अनुभव, आपल्यासारख्या इतरांना ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला भरवसा आणि त्या क्षणीची शरीर-मनाची स्थिती. यांपैकी पहिली वाट सर्वांत भक्कम मानली जाते. सामन्याच्या आदल्या दिवशी प्रेरणादायी भाषणे ऐकण्यापेक्षा, आपल्या हुकमी प्रसंगांची दोन-तीन मिनिटांची चित्रफीत पाहणे आणि नोंदवहीतील प्रमाणे वाचणे अधिक उपयोगाचे.

बदलते शरीर, बदलते बळ

ही सारी मोजणी दर हंगामाअखेर पुन्हा करावी, कारण वय आणि दुखापत बलस्थानांची फेरवाटणी करतात. स्फोटक वेग सहसा आधी कमी होऊ लागतो; दीर्घ दमाची क्षमता, गतीचा अंदाज आणि परिस्थितीचे वाचन अधिक काळ टिकते. इलियुड किपचोगे २००३ मध्ये ५,००० मीटरचा विश्वविजेता होता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी केनियाच्या संघात त्याला स्थान मिळाले नाही. पुढच्याच वर्षी तो मॅरेथॉनकडे वळला, २०१६ आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकले आणि २०२२ मध्ये बर्लिन येथे २ तास १ मिनिट ९ सेकंदांची, त्या वेळी विश्वविक्रमी ठरलेली वेळ नोंदवली. ट्रॅकवरच्या शेवटच्या फेरीतला वेग आता पुरेसा नव्हता. समान गतीने दीर्घकाळ धावण्याची क्षमता मात्र पूर्ण वापरली गेलेली नव्हती.

वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत ही पद्धत फार जपून वापरावी. मुलींची उंची वेगाने वाढण्याचा काळ सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांचा चौदाव्या वर्षाच्या आसपास, आणि व्यक्तीगणिक त्यात दोन-दोन वर्षांचा फरक पडतो. त्यामुळे तेरा वर्षांच्या गटात जो मुलगा ‘ताकदवान’ दिसतो, तो अनेकदा केवळ लवकर वाढलेला असतो. निवडीच्या वर्षात आधी जन्मलेली मुले वयोगटांच्या संघांत जास्त दिसतात, त्यामागेही बहुतांशी हेच कारण असते. असा मुलगा ताकदीवर जिंकत राहतो, तंत्र शिकत नाही आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला पोहोचले की त्याच्या हातात काहीच उरत नाही. उलट, उशिरा वाढणारा मुलगा त्या काळात नाइलाजाने चापल्य आणि डावपेच शिकतो, पण संघात टिकला तरच. प्रशिक्षकाने दर तीन महिन्यांनी मुलांची उंची टिपावी, अधूनमधून वयाऐवजी उंची-वजनानुसार गट पाडून सरावसामने खेळवावेत आणि त्या सामन्यांत कोणाचे कोणते प्रसंग टिकतात ते पाहावे. वाढ मंदावेपर्यंत कोणत्याही मुलाची जागा कायमची ठरवू नये आणि त्याला एकाच हालचालीच्या आवृत्त्यांत जखडू नये.